छातीवरचा बॅज: रुग्णालयातल्या किरणोत्सर्गाच्या मोजणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्स-रे विभाग, कॅथलॅब (हृदयाची अँजिओग्राफी होते ती खोली), सी-आर्म म्हणजे फिरतं एक्स-रे मशीन चालणारं ऑपरेशन थिएटर, न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सर्गी औषध देऊन तपासणी आणि उपचार), रेडिओथेरपी (किरणांनी उपचार). या सगळ्या ठिकाणी काम करणाऱ्यांच्या छातीवर एक छोटा बॅज असतो, किंवा असायला हवा. बॅज वाटणं, वेळेवर परत घेणं, मोजणीला पाठवणं आणि आलेला आकडा ज्याचा त्याला समजावून सांगणं, हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्या काळात पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न लोक चारचौघांत विचारतात, काही मागे थांबून, इतर सगळे गेल्यावर. मागे थांबून विचारलेल्या प्रश्नांना मी जास्त जागा दिली आहे.

बॅज लावला की किरणांपासून संरक्षण मिळतं ना?

नाही. बॅज एकही किरण अडवत नाही. थर्मामीटर लावल्याने ताप उतरत नाही, तसंच हे. संरक्षण देतात ती शिशाची भिंत, शिशाचा ॲप्रन, अंतर आणि कामाची पद्धत. बॅज फक्त सांगतो की या सगळ्यानंतरही तुमच्यापर्यंत किती पोहोचलं.

मग त्याची इतकी काळजी कशाला?

कारण किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, लागले तरी त्या क्षणी काही जाणवत नाही. मोजल्याशिवाय कळायचा दुसरा मार्गच नाही. आणि न मोजण्याची किंमत काय असते हे या क्षेत्राने फार लवकर पाहिलं आहे. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये एक्स-रे शोधले. एडिसन यांच्या प्रयोगशाळेतले सहायक क्लॅरेन्स डॅली एक्स-रे नळीची परीक्षा करण्यासाठी स्वतःचे हात किरणांत धरत असत. आधी भाजल्यासारख्या जखमा झाल्या, मग कर्करोग, मग हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. एक्स-रे आणि रेडियमच्या कामात जीव गमावलेल्या अशा डॉक्टरांचं, तंत्रज्ञांचं आणि परिचारिकांचं स्मारक १९३६ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात एका रुग्णालयाच्या आवारात उभारलं गेलं. त्यांच्यापैकी कितीजणांना आपण रोज किती डोस घेतो आहोत याचा अंदाज तरी असेल? नवा बॅज हातात देताना मला ती दगडावर कोरलेली नावं आठवतात.

बॅजच्या आत असतं तरी काय?

सगळ्यात जास्त वापरला जातो तो टीएलडी (थर्मोल्युमिनेसन्ट डोसीमीटर) बॅज. त्यात लिथियम फ्लोराइड किंवा कॅल्शियम सल्फेटसारख्या पदार्थाच्या बारीक चकत्या असतात. किरण पडले की त्यांची थोडी ऊर्जा या स्फटिकात अडकून बसते आणि आठवडेच्या आठवडे तशीच राहते. प्रयोगशाळेत चकती दोनशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की अडकलेली ऊर्जा मंद प्रकाश होऊन बाहेर पडते. प्रकाश जितका जास्त, तितका डोस जास्त. एकदा तापवली की चकतीवरची नोंद पुसली जाते, म्हणून ती पुन्हा वापरता येते, पण तीच मोजणी दुसऱ्यांदा करून बघता येत नाही.

दुसरा प्रकार ओएसएल. त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइड असतो आणि तापवण्याऐवजी त्याच्यावर प्रकाश टाकून नोंद वाचतात. वाचताना थोडीच ऊर्जा खर्च होते, त्यामुळे शंका आली तर फेरमोजणी शक्य असते. तिसरा इलेक्ट्रॉनिक डोसीमीटर, म्हणजे डोस मोजणारं छोटं यंत्र. तो त्या क्षणी आकडा दाखवतो आणि जास्त झालं की वाजतो. शिकाऊ लोकांना तो काही दिवस लावायला द्यावा असं माझं ठाम मत आहे. एक पाऊल मागे सरकल्यावर आकडा कसा पडतो हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस ते पाऊल आयुष्यभर मागे घेतो.

बॅजच्या खोक्यात चकत्यांवर धातूचे आणि प्लास्टिकचे वेगवेगळे पडदे असतात. किरण किती ताकदीचे होते हे कोणत्या पडद्यामागे किती नोंद झाली यावरून समजतं. म्हणून बॅज उलटा लावू नका, आतलं कार्ड खोक्याबाहेर काढून खिशात ठेवू नका. मग आकडा येतो, पण त्याला अर्थ राहत नाही.

मिलिसिव्हर्ट म्हणजे काय?

शरीरात किती ऊर्जा साठली ते ग्रेमध्ये मोजतात, आणि तिचा शरीरावर होणारा परिणाम लक्षात घेऊन सिव्हर्टमध्ये. स्वीडनचे भौतिकशास्त्रज्ञ रॉल्फ सिव्हर्ट यांच्या नावावरून हे एकक आलं. सिव्हर्ट फार मोठं, म्हणून त्याचा हजारावा भाग, मिलिसिव्हर्ट. अंदाज यावा म्हणून सांगतो: कोणताही व्यवसाय असो, जमीन, आकाश, अन्न आणि हवा यांतून माणसाला जगभराच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा श्वासातून जाणाऱ्या रेडॉन वायूचा असतो, आणि तो छातीवरच्या बॅजला दिसत नाही.

रिपोर्टवर बहुधा दोन आकडे असतात. एक शरीरात १० मिलिमीटर खोलीवरचा, म्हणजे आतल्या अवयवांसाठी. दुसरा ०.०७ मिलिमीटरवरचा, म्हणजे त्वचेसाठी. डोळ्याच्या भिंगासाठी ३ मिलिमीटर खोली धरतात.

वर्षाला किती डोस चालतो?

आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने, म्हणजे आयसीआरपीने, किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा सुचवली आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ५० च्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. हातापायांसाठी आणि त्वचेसाठी वर्षाला ५००. सर्वसामान्य लोकांसाठी १. देशागणिक कायद्यात थोडा फरक असतो, त्यामुळे तुमच्या देशाचा नियम तुमच्या किरण सुरक्षा अधिकाऱ्याकडून समजून घ्या.

पण प्रश्नातला ‘चालतो’ हा शब्द मला खटकतो. मर्यादा म्हणजे खर्च करायला मिळालेली रक्कम नाही. त्याखाली राहिलं की काम संपलं, असंही नाही. काम नीट होऊन डोस आणखी कमी करता येत असेल तर तो कमी करायचाच, हे या क्षेत्राचं मूळ तत्त्व आहे. एक्स-रे विभागात नीट काम करणाऱ्याचा वर्षाचा आकडा एक मिलिसिव्हर्टच्या आतबाहेर असायला हरकत नसते. तिथे कोणाचे आठ आले आणि कोणी म्हणालं, ‘वीसच्या आत आहे ना, सोडून द्या’, तर ते चुकीचं आहे. आठ का आले, हे विचारलंच पाहिजे.

बॅज ॲप्रनच्या आत लावायचा की बाहेर?

एकच बॅज असेल तर छातीवर, ॲप्रनच्या आत, हा सर्वसाधारण नियम. काही देशांत एकच बॅज कॉलरवर बाहेर लावायची पद्धत आहे. तुमच्याकडे जी ठरली असेल ती पाळा, आणि मुख्य म्हणजे ती बदलत राहू नका. एका महिन्यात आत आणि पुढच्या महिन्यात बाहेर लावलेल्या बॅजच्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

कॅथलॅब आणि सी-आर्मवाल्यांना मात्र दोन बॅज हवेत: एक आत छातीवर, दुसरा बाहेर थायरॉइड कॉलरवर, म्हणजे गळ्याभोवतीच्या शिशाच्या पट्ट्यावर. का, ते उदाहरणाने सांगतो. समजा आतल्या बॅजवर महिन्याला ०.२ मिलिसिव्हर्ट आले आणि कॉलरवरच्यावर ४. पूर्ण शरीराचा डोस काढायची एक रूढ पद्धत अशी: आतल्या आकड्याचा अर्धा भाग आणि कॉलरच्या आकड्याचा चाळिसावा भाग यांची बेरीज. म्हणजे ०.१ अधिक ०.१, एकूण ०.२. वर्षाला अडीचच्याही आत. छान वाटतं.

आता तोच कॉलरचा आकडा डोळ्यांसाठी वाचा. कॉलरपासून डोळे वीतभर वर, आणि त्यांच्यावर ॲप्रन नाही. महिन्याला ४, वर्षाला ४८. आतला एकच बॅज लावणाऱ्या माणसाला ही गोष्ट कधीच कळली नसती.

डोळ्यांचं एवढं काय?

डोळ्याच्या भिंगाला वर्षाला १५० मिलिसिव्हर्टपर्यंत काही होत नाही असं बराच काळ मानलं जायचं. मग किरणांमुळे होणारा मोतीबिंदू पूर्वी वाटायचा त्यापेक्षा बऱ्याच कमी डोसला होतो असं दिसू लागलं. २०११ मध्ये आयसीआरपीने मोतीबिंदूचा उंबरठा सुमारे अर्धा ग्रे धरला आणि भिंगाची मर्यादा १५० वरून एकदम २० वर आणली, पाच वर्षांच्या सरासरीने, एका वर्षात जास्तीत जास्त ५०. हा अर्धा ग्रे एका दिवसात मिळायची गरज नाही. वर्षानुवर्षं साठत गेला तरी तो मोजला जातो. वर्षाला ४८ म्हणजे दहा-अकरा वर्षांचं काम.

शिशाचा चष्मा उपयोगी आहे, पण तो चेहऱ्याला नीट बसणारा आणि बाजूंनी झाकलेला हवा, कारण मान वळवून पडद्याकडे बघताना किरण बाजूने आणि खालून आत येतात. छतावरून लटकणारी शिशाच्या काचेची ढाल त्याहून चांगली. अनेक कॅथलॅबमध्ये ती असते आणि कोपऱ्यात ढकललेली असते. ती खाली ओढा.

आमचे सीनियर कॅथलॅबमध्ये बॅजच लावत नाहीत. मी एकटा लावून काय उपयोग?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा, आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला गेला आहे.

बॅज खणात ठेवण्यामागे आळस क्वचितच असतो. बहुतेक वेळा भीती असते. आकडा वाढला तर चौकशी होईल, काही महिने काम बंद करायला सांगतील, केसेस दुसऱ्याकडे जातील. ही भीती मी समजू शकतो. पण मग होतं असं की सगळ्यात जास्त डोस घेणाऱ्या माणसाच्या नावापुढे सगळ्यात कमी आकडा असतो. वरच्या लोकांना कागदावर सगळं सुरळीत दिसतं. नवी ढाल मागितली तर उत्तर येतं, ‘कशाला? सगळ्यांचे रिपोर्ट तर चांगले आहेत.’ आणि त्याच खोलीत, त्याच टेबलाजवळ उभ्या असलेल्या सिस्टरला आणि टेक्निशियनला कळतच नाही की ते कशात उभे आहेत.

तुम्ही एकट्याने लावलात तरी त्या खोलीबद्दल एक खरा आकडा नोंदला जातो. तुमचा आकडा दोन आणि टेबलाजवळ तुमच्या पुढे उभ्या असलेल्या डॉक्टरांचा शून्य, असं दिसलं की अनुभवी सुरक्षा अधिकारी लगेच ओळखतो की शून्य खोटा आहे. मी असे दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून एका ज्येष्ठ डॉक्टरांशी बोललो होतो. ते बराच वेळ गप्प बसले. नंतर त्यांनी बॅज लावायला सुरुवात केली आणि तिसऱ्या महिन्यात स्वतःच ढालीबद्दल विचारलं.

विभागप्रमुखांना माझी हात जोडून एक विनंती आहे. आकडा वाढला म्हणून कोणालाही शिक्षा करू नका. पहिल्यांदा खोली बघा, मशीनची सेटिंग बघा, कामाचं वाटप बघा. शिक्षेच्या भीतीने एकदा बॅज खणात गेले की तुम्ही आंधळे होता.

माझा रिपोर्ट नेहमी शून्यच येतो. मग बॅज बंद का करत नाहीत?

रिपोर्टवरचं शून्य म्हणजे अजिबात काही नाही असं नसतं. मोजणीची एक खालची पातळी असते, बऱ्याच ठिकाणी ०.०५ किंवा ०.१ मिलिसिव्हर्ट. त्याखाली जे येतं ते शून्य किंवा ‘नोंदपातळीखाली’ असं लिहितात. आणि सलग शून्य येणं ही चांगलीच गोष्ट आहे: तुमची खोली, भिंत, दार आणि सवयी बरोबर आहेत याचा तो पुरावा आहे. उद्या दाराच्या शिशाच्या पत्र्याला फट पडली किंवा मशीन बदललं, तर पहिली खूण या शून्याच्या जागी आलेल्या आकड्यातूनच मिळेल.

या वेळी आकडा एकदम वाढला आहे. घाबरू का?

आधी आठवा. बॅज कुठे होता? दोन प्रसंग सांगतो.

एका सिस्टरचा आकडा नेहमीच्या कितीतरी पट आला. बिचारी रात्रभर झोपली नव्हती. चौकशीत कळलं की तिचा कोट, त्याला लावलेल्या बॅजसकट, सुट्टीच्या आठवड्यात एक्स-रे खोलीच्या आतल्या खुंटीवर लटकत होता. डोस कोटाला मिळाला होता. तिच्या नोंदीत लेखी कारण देऊन दुरुस्ती झाली.

दुसरा प्रसंग एका तरुण टेक्निशियनचा. आकडा तीन वेळा लागोपाठ वाढला होता. तो म्हणाला, ‘काम नसताना माझा कोट मशीनजवळ कधीच नसतो.’ दोन दिवस त्याच्याबरोबर उभा राहिलो तेव्हा दिसलं: लहान मुलं हलतात आणि आईवडील घाबरलेले असतात म्हणून हा स्वतःच प्रत्येक मुलाला धरत होता. चांगुलपणाने करत होता. एकाच माणसाने रोज हे करायचं नसतं. मुलं स्थिर ठेवायला फोम आणि पट्टे आले, धरायची वेळ आलीच तर ॲप्रन घातलेले पालक धरू लागले, आणि आकडा उतरला.

म्हणून आकडा वाढला तर लपवू नका आणि घाबरूही नका. लेखी विचारणा आली तर जे घडलं ते जसंच्या तसं लिहा. या विचारणेची पातळी कायद्याच्या मर्यादेपेक्षा मुद्दाम खूप खाली ठेवलेली असते, म्हणजे मर्यादा गाठायच्या कितीतरी आधी कारण सापडावं.

कंट्रोल बॅज म्हणजे काय? तो कोणीच लावत नाही, मग असतो कशाला?

बॅज प्रवासात असताना आणि कपाटात असतानाही त्याच्यावर नैसर्गिक किरण पडत असतात. ते वजा करण्यासाठी प्रत्येक संचाबरोबर एक बॅज किरणांपासून लांबच्या जागी ठेवतात. तुमच्या आकड्यातून त्याचा आकडा वजा होतो. आता विचार करा: कोणी तो कंट्रोल बॅज एक्स-रे खोलीच्या टेबलावर ठेवला तर? सगळ्या विभागाचे आकडे खोटेपणाने खाली येतील. तुमचा कंट्रोल बॅज कुठे ठेवतात ते आजच बघून या. काम संपल्यावर आपले बॅजही त्याच्याच शेजारी ठेवायचे असतात. घरी नाही, खोलीत नाही, ॲप्रनवर टोचलेले तर मुळीच नाही.

बॅज हरवला, किंवा कपड्यांबरोबर धुतला गेला. आता?

त्याच दिवशी कळवा. गरम पाण्याने किंवा इस्त्रीने नोंद बिघडू शकते, म्हणून धुतलेला बॅज तसाच लावत राहू नका. हरवलेल्या काळाचा डोस अंदाजाने भरतात: तुमचे आधीचे आकडे, त्याच काळात तेच काम केलेल्या सहकाऱ्याचा आकडा, केसेसची संख्या. दुसऱ्याचा बॅज उसना घेऊन काम कधीही करू नका. त्याने दोघांचीही नोंद बिघडते.

माझाच सीटी स्कॅन काढायचा आहे. बॅज लावून ठेवू का?

नाही, काढून ठेवा. बॅज फक्त कामावरच्या डोससाठी आहे. छातीच्या एका सीटीत काही मिलिसिव्हर्ट जातात, वर्षभराच्या कामाहून जास्त. विसरून लावलेला राहिला तर सांगून टाका.

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये आहे. अंगठी कशासाठी?

कारण तिथे डोस शरीरापेक्षा हातांना जास्त असतो. भरलेली सिरिंज बोटांत धरली की बोटाच्या टोकापासून औषध काही मिलिमीटरवर असतं. अंतर अर्धं झालं की तीव्रता साधारण चौपट होते, त्यामुळे बोटाच्या टोकाला अंगठीच्या जागेपेक्षा कित्येक पट डोस मिळतो. अंगठी सहसा ज्या हाताने कमी काम करता त्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी, चकती तळव्याकडे करून, हातमोज्याच्या आत घालायला सांगतात. सिरिंजवरचं टंगस्टनचं कवच वापराल तर हाच आकडा झपाट्याने खाली येतो. ‘कवचामुळे शीर सापडायला वेळ लागतो’ ही तक्रार खरी आहे. आधी साध्या सलाइनने शीर घेऊन ठेवा आणि औषध नंतर जोडा.

पेट स्कॅनच्या (किरणोत्सर्गी औषध टोचून काढायच्या स्कॅनच्या) कामात शिशाच्या साध्या ॲप्रनवर विसंबू नका. तिथले किरण ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात. ते निम्मे करायलाच चार-पाच मिलिमीटर शिसं लागतं, आणि ॲप्रनमध्ये असतं जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर. तिथे अंतर आणि वेग हेच खरे सोबती. रुग्णाशी बोलायचं ते सगळं इंजेक्शनच्या आधी बोलून घ्या.

श्वासातून किंवा तोंडातून आत गेलेलं बॅज दाखवतो का?

नाही, ही बॅजची मोठी मर्यादा आहे. किरणोत्सर्गी आयोडीन हाताळणाऱ्यांसाठी गळ्याजवळ डिटेक्टर धरून थायरॉइडची मोजणी करतात, किंवा लघवीची तपासणी. आयोडीन १३१ चं अर्धआयुष्य आठ दिवसांचं असल्यामुळे ही मोजणी महिनाभराने करून भागत नाही, ठरलेल्या दिवशीच करावी लागते.

दर वर्षी रक्त तपासतात. त्यातून डोस कळतो ना?

नाही. नेहमीच्या रक्ततपासणीत रोजच्या कामाच्या डोसची काहीही खूण दिसत नाही. पेशी कमी दिसल्या तर बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं. रक्तातल्या गुणसूत्रांवरून डोस काढायची खास चाचणी आहे, पण तीही साधारण १०० मिलिग्रेच्या आसपास पोहोचल्यावरच काही सांगू शकते, आणि ती अपघातासाठी आहे. ‘रक्त नॉर्मल आहे, बॅज नको’ हा समज मनातून काढून टाका.

गरोदर आहे. सांगू की नको? सांगितलं तर नोकरी जाईल अशी भीती वाटते.

सांगा, आणि लवकर सांगा. आयसीआरपीच्या शिफारशीनुसार गरोदरपणा कळवल्यापासून पुढच्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टहून जास्त डोस मिळू नये, असं काम आखून देणं ही तुम्हाला कामावर ठेवणाऱ्याची जबाबदारी आहे. काही देशांत हा आकडा वेगळा आहे. पोटावर, ॲप्रनच्या आत, एक वेगळा बॅज मिळतो आणि तो दर महिन्याला वाचला जातो.

गरोदर म्हणून एक्स-रे विभाग सोडलाच पाहिजे असं नाही. शिशाच्या भिंतीमागून चालणाऱ्या कामात गर्भापर्यंत जवळजवळ काही पोहोचत नाही, आणि हे बॅजच दाखवून देतो. किरणोत्सर्गी आयोडीन हाताळणं, आणीबाणीत रेडिओथेरपीच्या स्रोताजवळ जाणं ही कामं मात्र दुसऱ्याकडे द्यायची. ज्या सहकाऱ्यांनी भीतीपोटी चार-चार महिने सांगितलं नाही त्यांचे चेहरे मला आठवतात. सगळ्यांची बाळं सुखरूप झाली, पण ते चार महिने त्यांनी एकट्याने भीतीत काढले. ती वेळ कोणावर यायला नको.

आयसीयूतल्या सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय यांना बॅज का देत नाहीत?

ज्याला वर्षाला एक मिलिसिव्हर्टहून जास्त मिळण्याची शक्यता नाही त्याला सहसा बॅज लागत नाही. पोर्टेबल एक्स-रे काढताना रुग्णापासून एक मीटरवर विखुरलेले किरण मूळ झोताच्या साधारण हजाराव्या भागाइतके असतात, आणि दोन मीटरवर त्याच्याही चौथ्या हिश्श्याइतके. त्यामुळे ‘एक्स-रे’ अशी हाक आली की दोन मीटर मागे व्हा, पुरतं. रुग्णाला सोडून पळायची गरज नाही. पण एखाद्या मावशींना रोजच प्लेट धरायला उभं करत असतील तर आधी ती पद्धत बंद व्हायला हवी, आणि होईपर्यंत त्यांना बॅज मिळायलाच हवा. बॅज पगाराच्या श्रेणीवरून देत नाहीत, उभं राहायच्या जागेवरून देतात.

एमआरआय आणि सोनोग्राफी?

त्यांत असे किरण नसतात. बॅज लागत नाही.

इतक्या कमी डोसने खरंच कर्करोग होतो का?

प्रामाणिक उत्तर: धोका फार लहान आहे, पण तो शून्य धरत नाहीत. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या अणुउद्योगातल्या तीन लाखांहून अधिक कामगारांचा त्यांच्या बॅजच्या नोंदींवरून अभ्यास झाला. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत गाठीच्या स्वरूपातल्या कर्करोगांनी होणाऱ्या मृत्यूचा दर प्रत्येक ग्रेमागे सुमारे ५२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. एक ग्रे म्हणजे हजार मिलिग्रे. नीट काम करणाऱ्या रेडिओग्राफरचा अख्ख्या नोकरीचा डोस त्याच्या जवळपासही जात नाही. वीस मिलिग्रेला ही वाढ साधारण एक टक्का येते. पण टेबलाजवळ वर्षानुवर्षं ढालीशिवाय उभं राहणाऱ्याचा हिशेब वेगळा होतो.

जुन्या काळातल्या रेडिओलॉजिस्ट आणि तंत्रज्ञांच्या अभ्यासांत १९५० च्या आधी काम केलेल्यांमध्ये ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचं, प्रमाण जास्त आढळलं, नंतरच्या पिढ्यांमध्ये तसं ठळकपणे दिसलं नाही. मधल्या काळात डोस खूप खाली आणले गेले होते. आणि कामगारांच्या त्या मोठ्या अभ्यासाला आधार होता तो महिन्यामहिन्याला लावलेल्या साध्या बॅजच्या नोंदींचा.

डोस कमी करायला मी स्वतः काय करू?

वेळ, अंतर, आड हे तीन शब्द सगळ्यांना पाठ असतात, म्हणून जे कमी बोललं जातं तेवढंच सांगतो. सी-आर्मची नळी टेबलाखाली ठेवा; विखुरलेले किरण मग चेहऱ्याऐवजी पायांकडे जास्त जातात, आणि टेबलाच्या खाली शिशाचा पडदा लावता येतो. आडवा व्ह्यू घेताना नळीच्या बाजूला उभे राहू नका, डिटेक्टरच्या बाजूला उभे राहा. शेवटचं चित्र पडद्यावर गोठलेलं असतं, ते बघताना पाय किरण सुरू करणाऱ्या पेडलवरून उचला. झोत लहान करा. ॲप्रनची घडी घालू नका, हँगरला लावा, आणि त्याला आतून भेगा गेल्या आहेत का ते वर्षातून एकदा स्क्रीनिंगखाली, म्हणजे एक्स-रेच्या चालत्या चित्रात, तपासून घ्या. पाठमोरे होऊन काम करत असाल तर पुढूनच झाकणारा ॲप्रन तुमच्या कामाचा नाही.

माझा आकडा मला कोणी सांगतच नाही. मागू शकतो का?

तो आकडा तुमचा आहे. आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांनुसार कामगाराला स्वतःच्या डोसची नोंद पाहता आली पाहिजे. लेखी मागा. बॅज दर वेळी गोळा होतात आणि रिपोर्ट कपाटात जातो, असं असेल तर सुरक्षा अधिकाऱ्याला तो सूचनाफलकाजवळ प्रत्येकाला स्वतंत्र पाकिटात द्यायला सांगा.

दोन रुग्णालयांत काम करतो. आणि एक नोकरी सोडतोही आहे. नोंदींचं काय?

मर्यादा माणसाला असते, रुग्णालयाला नाही. दोन्हीकडचे आकडे एकत्र मोजायचे असतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या कामाबद्दल सांगा आणि ज्या जागेचा बॅज त्याच जागी वापरा. नोकरी सोडताना शेवटचा बॅज परत करा, कारण मोजला न गेलेला बॅज म्हणजे नोंदीतली कायमची पोकळी. तोपर्यंतच्या एकूण डोसची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या आणि नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी द्या.

मूळ नोंदी आंतरराष्ट्रीय मानकांनुसार तुम्ही ७५ वर्षांचे होईपर्यंत, आणि काम सोडल्यानंतर किमान ३० वर्षं जपून ठेवायच्या असतात. तरीही तुमची प्रत तुमच्याकडे ठेवा. निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी डोळ्याच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूबद्दल विचारलं, तर कॉलरच्या बॅजचे ते जुने आकडे तुम्हालाच काढून दाखवावे लागतील.